जुन्या गाडीचं कूलंट हळूहळू गळतंय? कोकणात ती गाडी सांभाळायची कशी

मुंबईतली नोकरी संपवून गावी आलात आणि जुनी गाडी बरोबर आणलीत, किंवा गावात राहून पहिलीच सेकंडहँड गाडी घेतलीत, तर कधी ना कधी ही वेळ येते. बॉनेट उघडलं की कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, डब्यातली पातळी मागच्या वेळेपेक्षा थोडी खाली दिसते. खाली जमिनीवर काही नाही, तापमानाचा काटाही जागेवर आहे. कुणी म्हणतं पाणी ओता आणि चालवा, कुणी म्हणतं इंजिन खोला.

माझी 2008 सालची छोटी पेट्रोल गाडी आहे, मी रत्नागिरीजवळ राहतो. त्या गाडीची बारीक गळती मी वर्षाहून जास्त सांभाळली आणि त्यात एकदा आंबा घाटात चांगलाच अडकलो. तो अनुभव तुम्हाला येऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे. गळती बारीक असेल तर गाडी लगेच उभी करून ठेवायची गरज नसते. पण किती गळतंय आणि कुठून गळतंय हे माहीत नसताना गाडी घाटात घालू नका.

काय काय लागेल

- टॉर्च आणि जुनी सुती फडकी
- फोडून सपाट केलेला पुठ्ठ्याचा खोका
- काळा मार्कर, छोटी वही, औषधाचं मापाचं झाकण किंवा मिलीच्या खुणा असलेला मग
- मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर
- पेचकस, पक्कड, नळ्या आवळायच्या दोन मापांच्या होज क्लिपा
- पिण्याच्या पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या, कायम डिकीत
- कागदपत्रं: आरसी, विमा, पीयूसी, आणि आजवर बदललेल्या पार्टची बिलं. बिलावर त्या दिवशीचे किलोमीटर लिहून ठेवा.

विम्याबद्दल एक गैरसमज आधीच दूर करतो. गाडी गरम होऊन इंजिन गेलं तर नेहमीच्या पॉलिसीत त्याचे पैसे मिळत नाहीत. झीज आणि यांत्रिक बिघाड त्यात धरलेला नसतो. रस्त्यावर मदत मिळण्याची वेगळी सोय घेतली असेल तर गाडी ओढून नेण्याचा खर्च वाचतो. पॉलिसीवरचा तो नंबर मोबाइलमध्येही ठेवा आणि कागदावरही, कारण घाटात रेंज जाते तेव्हा दुसऱ्याच्या फोनवरून लावावा लागतो.

1. गळतंय ते कूलंटच आहे ना, हे आधी ठरवा

एसी लावून आलात की गाडीखाली डाव्या बाजूला पाणी ठिबकतं. ते स्वच्छ असतं, त्याला वास नसतो, बोटाला चिकटपणा लागत नाही. ते एसीचं पाणी, त्याची काळजी नको. आपल्या दमट हवेत ते भरपूर पडतं आणि नवखा माणूस घाबरतो.

कूलंट बोटांत चोळलं की किंचित तेलकट, बुळबुळीत लागतं. वास गोडसर. रंग हिरवा, लाल, गुलाबी किंवा निळा. चाखून बघू नका, ते विष आहे.

आपल्याकडची खरी अडचण अंगणाची आहे. चिऱ्याच्या अंगणात, लाल मातीत थेंब पडला की जिरून जातो. माझ्या गाडीखाली कित्येक आठवडे काहीच दिसत नव्हतं. एका संध्याकाळी पुठ्ठा पसरून त्यावर गाडी लावली. सकाळी पुठ्ठ्यावर रुपयाएवढे तीन हिरवट डाग होते, तिन्ही एकाच रेषेत, पुढच्या उजव्या चाकाच्या जरा आत. पुठ्ठ्यावर चाकांच्या खुणा करून ठेवा, म्हणजे डाग गाडीच्या कोणत्या भागाखाली पडला ते नंतर कळतं.

2. थंड इंजिनावर पातळी बघा, आणि दोन्ही जागी बघा

ही पायरी मी सगळ्यात सविस्तर लिहितो आहे, कारण मी चुकलो ते इथेच.

जुन्या छोट्या गाड्यांमध्ये दोन प्रकार असतात. काहींमध्ये दाबाची कॅप थेट रेडिएटरवर (कूलंट गार करणाऱ्या जाळीवर) असते आणि बाजूला प्लॅस्टिकचा साधा डबा असतो. एक बारीक नळी दोघांना जोडते. इंजिन तापलं की कूलंट फुगतं आणि जादाचं कूलंट कॅपमधून डब्यात जातं. इंजिन निवलं की रेडिएटर तेच कूलंट परत ओढून घेतो. दुसऱ्या प्रकारात डबाच दाबाखाली असतो आणि दाबाची कॅप त्याच्यावरच असते. तुमची गाडी कोणत्या प्रकारची आहे ते आजच बघून घ्या.

माझी गाडी पहिल्या प्रकारची. मी दर रविवारी डबा बघत होतो, पातळी कमाल आणि किमान या रेघांच्या मध्ये असायची, म्हणून निश्चिंत होतो. मे महिन्यात आम्ही चौघं कोल्हापूरला निघालो. पाली, नाणीज, साखरपा, सगळं ठीक. आंबा घाट सुरू झाला, एसी चालू होता आणि काही वळणांतच काटा मधल्या रेषेवरून सरकला. रुंद जागा बघून थांबलो. बॉनेट उघडलं तर डबा काठोकाठ भरलेला! मदतीला थांबलेल्या एका गृहस्थांनी फडकं घेऊन रेडिएटरच्या कॅपला हात घातला, त्यांना मी ओरडूनच थांबवलं. जवळजवळ तासाभराने, रेडिएटरची वरची नळी हाताला गार लागल्यावर कॅप उघडली. आत कूलंट दिसत नव्हतं. दीड लिटरच्या आसपास पाणी आत गेलं.

झालं होतं असं: खालच्या नळीची क्लिप गंजून सैल झाली होती आणि तिथून थेंब थेंब जात होतं. त्याच वेळी डब्याकडे जाणारी बारीक नळी उंदराने कुरतडली होती. इंजिन निवताना रेडिएटर डब्यातलं कूलंट ओढण्याऐवजी त्या भोकातून हवा ओढत होता. रेडिएटर रिकामा होत गेला आणि डब्याची पातळी तशीच राहिली. कॅपचं रबर कडक झालं तरी असंच होतं.

म्हणून पहिल्या प्रकारची गाडी असेल तर दर पंधरा दिवसांनी, सकाळी गाडी सुरू करायच्या आधी, रेडिएटरची कॅप उघडून आत बघाच. कूलंट गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे.

आणि गरम असताना कॅप उघडायची नाही, दोन्ही प्रकारांत नाही. कॅपवर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तो दाबाचा. 0.9 च्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं. कॅप सैल केली की दाब एकदम उतरतो आणि आतलं सगळं त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. असे भाजलेले हात मी पाहिले आहेत.

3. वहीत लिहा

डब्यावर मार्करने आजची रेघ मारा, तारीख घाला. भर घालाल तेव्हा मापूनच घाला आणि वहीत तीन गोष्टी लिहा: तारीख, किलोमीटर, किती मिली. रोज बघायची गरज नाही. आठवड्यातून एकदा, तीच वेळ, तीच सपाट जागा. आपल्याकडची अंगणं उताराची असतात आणि गाडी कलती उभी असली की पातळी फसवते.

महिन्याभरात गळतीचा वेग कळतो. छोट्या गाडीत एकूण कूलंट साधारण साडेतीन ते पाच लिटर मावतं, त्यामुळे अर्धा लिटर कमी होणं ही लहान गोष्ट नाही.

माझ्या स्वतःच्या मर्यादा अशा आहेत. महिन्याला 200 मिलीपर्यंत: लक्ष ठेवून चालवतो, पुढच्या सर्व्हिसला दाखवतो. आठवड्याला तेवढंच जायला लागलं: त्याच आठवड्यात मेस्त्रीकडे, आणि तोवर घाट बंद. एका दिवसात डबा किमान रेघेखाली गेला: गाडी हलवायची नाही, मेस्त्रीलाच घरी बोलवायचं.

4. गळतीची जागा शोधा

सुकलेलं कूलंट मागे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खरपुडी सोडतं, भिंतीवर लोणा यावा तशी. ओला थेंब सापडला नाही तरी ही खरपुडी सापडते. टॉर्च घेऊन वरून खाली या:

- नळ्यांची टोकं आणि क्लिपा. खाऱ्या हवेत पहिलं हेच जातं. गाडी थंड असताना गळून गरम झाल्यावर थांबत असेल तर संशय क्लिपेवर घ्या. निवल्यावर सगळं आकसतं आणि सैल जोडाला वाट मिळते. माझे डाग रात्रीच पडायचे ते यामुळेच.
- रेडिएटरचा जोड. वरखालच्या किंवा बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाक्या ॲल्युमिनियमच्या जाळीला दुमडून बसवलेल्या असतात. तिथली गळती बहुधा गरम असताना, दाब आल्यावर होते, आणि पाणी पंख्याच्या वाऱ्याने उडून जातं म्हणून जमिनीवर डाग दिसत नाही.
- वॉटर पंप, म्हणजे कूलंट फिरवणारा पंप. त्याच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून ओघळ येतो. ते भोक बुजवायचं नसतं, पंप बदलायचा असतो.
- थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत कूलंटची वाट अडवणाऱ्या झडपेचं) घर आणि प्लॅस्टिकचे जोड. तडे बारीक असतात, बोट फिरवून बघा.
- हीटर. डॅशबोर्डखालचं कार्पेट ओलं आणि गोडसर वास. पावसात काचेवर वाफ धरणं नेहमीचंच, पण पुसल्यावर तेलकट थर राहत असेल तर तो हीटरच्या गळतीचा असू शकतो.

बाहेर कुठेच काही सापडलं नाही आणि तरी पातळी उतरते, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधल्या सीलची, तपासणी करा. थंड इंजिनावर रेडिएटरची कॅप उघडून मगच गाडी सुरू करा. अडकलेल्या हवेचे चार बुडबुडे येतील, ते चालतात. पण ते थांबतच नसतील, किंवा (कॅप बंद ठेवून) थंड इंजिन सुरू केल्यावर दोनेक मिनिटांतच वरची नळी दगडासारखी कडक होत असेल, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतो आहे. ऑइलच्या दांडीवर दुधाळ चहासारखं ऑइल दिसलं तर गाडी सुरूच करू नका. पावसाळ्यात फक्त बाजारापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली थोडी पांढरी साय धरते, ती मात्र नुसत्या दमटपणाचीही असते. दांडी बघा आणि मगच ठरवा.

5. मेस्त्रीकडे काय मागायचं

“गाडी गरम होते, बघा” एवढंच सांगितलं तर अंदाजाने एकेक पार्ट बदलला जातो. वही दाखवा, पुठ्ठा दाखवा आणि प्रेशर टेस्ट मागा. कॅपच्या जागी हातपंप बसवून कॅपवरच्या आकड्याएवढा दाब देतात आणि पंधरा मिनिटं ठेवतात. काटा उतरला तर गळती आहे, आणि ती बहुतेक तिथेच डोळ्यांनी दिसते. सगळ्या गावातल्या गॅरेजांत हे साधन नसतं. रेडिएटरचं काम करणाऱ्यांकडे तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या गावी मिळतं.

आमच्या मेस्त्रींनी मला सांगितलं, “काका, आधी कॅप, क्लिपा आणि नळ्या बदलू. महिनाभर बघा. मग रेडिएटरला हात लावू.” हाच क्रम मी सगळ्यांना सांगतो. कॅप, क्लिप, नळी ही शेकड्यांतली कामं. पंप, रेडिएटर हजारांतली. हेड गॅस्केटचं काम त्याहून मोठं. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर पुढच्या पाच वर्षांसाठी आरसी नूतनीकरण करणार की नाही हे ठरवूनच मोठ्या खर्चाला हो म्हणा.

काही सल्ल्यांना ठाम नकार द्या:

*“थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्याकडे गरजच नाही.”* आहे. इंजिन योग्य तापमानाला आणणं हे त्याचं काम. काढला तर इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. गळती तर तशीच.

*“हीटरच्या नळ्या बायपास करू.”* कोकणात हीटर कुणाला लागतो, हे खरं. पण घाटात काटा चढला तर तोच हीटर इंजिनाची उष्णता बाहेर काढायला उपयोगी पडतो. हीटरच गळत असेल तर तात्पुरता बायपास ठीक, एरवी नको.

*“हळद टाका” किंवा बाटलीतलं लीकेज बंद करणारं औषध.* हळदीचा उपाय ट्रकवाल्यांचा, जुना. रानात अडकलात आणि घरी पोचायचं आहे, तर समजू शकतो. पण ते भोक बुजवतं तसंच रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजवतं. रोजच्या गाडीत नको.

6. भर घालताना

“इथे कुठे बर्फ पडतो, साधं पाणी पुरे,” हे तुम्ही दर दुसऱ्या माणसाकडून ऐकाल. कूलंट फक्त गोठू नये म्हणून नसतं. त्याने उकळण्याचं तापमान वाढतं आणि आतला गंज थांबतो. आपल्याकडे हे दुसरं काम जास्त महत्त्वाचं. खाडीलगतच्या विहिरींचं पाणी मचूळ असतं आणि त्यातलं मीठ ॲल्युमिनियम खातं. असं पाणी रेडिएटरमध्ये कधीही घालू नका.

बाटलीवर नीट वाचा. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर सहसा निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. रंग जुळला म्हणजे प्रकार जुळला असं नाही, रंग ज्या त्या कंपनीच्या मर्जीचा असतो. मॅन्युअलमधला प्रकार बघा. दोन वेगळे प्रकार एकत्र आले तर आत गाळ धरू शकतो. आधी काय घातलं आहे ते कळत नसेल तर एकदा सगळं काढून, धुऊन, नव्याने भरा आणि तारीख लिहा.

रेडिएटर बराच रिकामा झाला असेल तर हवा काढावी लागते. थंड असताना कॅप उघडा, भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, कॅप उघडी ठेवूनच गाडी सुरू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते. तेवढं भरा आणि कॅप लावा. पंखा आपोआप सुरू होतो, हात आणि ओढणी लांब ठेवा.

आता सगळ्यात कळकळीची सूचना. उरलेलं कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. लाल कूलंट बाटलीत हुबेहूब कोकम सरबतासारखं दिसतं, आणि चवीला गोड असतं. मुलांनी प्यायलं तर जिवावर बेततं. तसं झालं तर त्रास दिसायची वाट न बघता थेट दवाखाना. कुत्री, मांजरं सांडलेलं कूलंट चाटतात आणि मरतात. सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओतून धुवा. जुनं कूलंट विहिरीजवळ, व्हाळात ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

7. घाट आणि गर्दी

बारीक गळती असलेल्या गाडीने घाट चढायचा असेल तर पायथ्याला थांबून काटा आणि डबा बघा. चढताना एसी बंद. तिसऱ्या गिअरमध्ये रडत रडत चढवू नका. दुसऱ्यात घ्या, कारण इंजिनाचे फेरे वाढले की पंपही जोरात फिरतो. आंबा, कुंभार्ली, फोंडा, आंबोली, सगळीकडे हेच.

गर्दीत उभ्या गाडीला वारा मिळत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. गणपतीला माणगावच्या कोंडीत तास न् तास जातात आणि जुन्या गाड्या रस्त्याच्या कडेला वाफ सोडत उभ्या दिसतात. निघायच्या आधी घरीच एसी बंद ठेवून गाडी उभ्या जागी चालू ठेवा आणि पंखा स्वतःहून सुरू होतो का ते बघा.

8. काटा चढलाच तर

एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात, काचा खाली. हीटरमधून गरम हवा आली आणि काटा उतरला तर हळू चालवत पुढची सुरक्षित जागा गाठा. हीटर लावूनही गार हवाच येत असेल तर आत कूलंट उरलेलं नाही. लगेच थांबा, इंजिन बंद.

काटा वर जाऊन एकदम खाली पडला आणि बॉनेटमधून वाफ येते आहे, तर गाडी निवली असं समजू नका. सेन्सरच्या भोवती कूलंटच राहिलं नाही म्हणून काटा खाली आला. अशा वेळी एक किलोमीटर पुढे नेणंही इंजिनाला महाग पडतं.

मग थांबा. पाऊण तास, तासभर. तापलेल्या इंजिनावर किंवा आत गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. वरची नळी हाताने दाबता येईल इतकी निवली की फडकं टाकून कॅप अर्धी फिरवा, फुसफुस पूर्ण थांबू द्या, मग काढा. डिकीतलं पिण्याचं पाणी थोडं थोडं घाला. हे पाणी घरापर्यंतचं. पोचल्यावर मिश्रण पातळ झालेलं असतं, ते दुरुस्त करून घ्या.

9. वर्षातून दोनदा पूर्ण तपासणी

एकदा मे अखेरीस, पाऊस सुरू व्हायच्या आत. पावसात गाडीखाली डाग शोधता येत नाही, आणि उंदीर ऊब शोधत बॉनेटमध्ये शिरतात, तेव्हा नळ्या बोटांनी चाचपून बघा. दुसऱ्यांदा गणपतीच्या किमान दोन आठवडे आधी. त्या आठवड्यात गॅरेजं चाकरमान्यांच्या गाड्यांनी भरलेली असतात आणि तुमच्या मापाची नळी किंवा कॅप रत्नागिरीहून, कधी कोल्हापूरहून मागवावी लागते.